मुका कांटा आणि खोटा कांटा

विद्यार्थिमित्रहो, धांवत्या गाडींत बसलेल्या माणसाला आपला वेग स्वतःच्या अंगानें कळत नाहीं, ही गोष्ट तुमच्या ध्यानांत आली आहे काय? गाडी निघतांना आपण मागें रेलतों, थांबतांना पुढें झुकतों, वळतांना एका कुशीस कलतों. पण सरळ व सपाट रस्त्यावर गाडी एकाच वेगानें चालली असतां ताशीं तीस मैल काय आणि ताशीं साठ मैल काय, शरीराला दोन्ही सारखेच. वेगांत होणारा बदल तेवढा शरीराला जाणवतो. डोळ्यांना व कानांना वेगाचा थोडाबहुत अंदाज येतो, परंतु तो फार फसवा असतो. मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ भरधांव गाडी हांकून गांवाच्या वेशींत शिरणाऱ्या चालकानें वेग अर्ध्यावर आणला, तरी आपण अगदीं रांगत चाललों आहों असें त्याला वाटूं लागतें. म्हणून मोटारींत चालकाच्या नजरेसमोर एक तबकडी व तिजवर फिरणारा एक कांटा बसविलेला असतो. या यंत्रास वेगमापक किंवा नेहमींच्या बोलण्यांत स्पीडोमीटर म्हणतात. जें ज्ञान आपल्या इंद्रियांना होत नाहीं तें हा कांटा आपणांस देतो. आणि म्हणूनच तो खरें बोलतो कीं नाहीं, हा प्रश्न एकट्या कारागिराचा नसून गाडींतल्या व रस्त्यावरच्या सर्वांच्या जिवाचा आहे.

प्रस्तुत लेखांत एका जुन्या मोटारीचा बिघडलेला वेगमापक काढून त्याच्या जागीं दुसरा कसा बसवावा, हें सांगण्याचें योजिलें आहे. उदाहरणादाखल इंग्लंडमधील 'मॉरिस मायनर' ही सुप्रसिद्ध छोटी गाडी घेऊं. अलेक इसिगोनिस या कुशल यंत्रशास्त्रज्ञानें आंखलेली ही गाडी इ. स. १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांसमोर आली. तिचा मुख्य कारखाना ऑक्सफर्डनजीक काउली येथें होता. इ. स. १९७१ पर्यंत ती निघत राहिली, आणि तोंपर्यंत अशा सुमारें सोळा लक्ष गाड्या तयार झाल्या. त्यांपैकीं हजारों गाड्या तेथील हौशी मालक आजही जिवापाड जपतात. आमच्या वाचकांना ती अगदींच परकी वाटावयास नको. उत्तरपाडा येथें इ. स. २०१४ पर्यंत तयार होणारी ॲम्बॅसडर ही मॉरिसच्याच 'ऑक्सफर्ड' नांवाच्या गाडीच्या वंशांतली. आणि मुंबईनजीक कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेली पद्मिनी, जी टॅक्सीच्या रूपानें इ. स. २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर दिसत होती, ती कुळानें इटालियन असली तरी तिचाही वेगमापक तारेनेंच चाले. तेव्हां येथें सांगितलेलें तत्त्व त्या गाड्यांनाही लागू पडतें.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. कारण ज्याचें कार्य कळलें नाहीं त्याची दुरुस्ती म्हणजे अंधारांत चांचपडणें होय. मॉरिस मायनरचें इंजिन पुढें असून त्याची गति मागच्या चाकांना मिळते. ही गति गिअरबॉक्समधून निघून एका लांब दांड्यावाटे मागें जाते, आणि मागच्या आंसावरील दांतेरी चाकांच्या जोडीनें गाडीच्या चाकांना पोंचते. गिअरबॉक्सच्या मागच्या टोंकास, जेथून गति या दांड्याकडे जाते तेथेंच, एक लहानसें दांतेरी चाक बसविलेलें असतें. तें पोलादी पिळाची एक लवचीक तार फिरवितें. एका नळीच्या आंत फिरणारी ही तार वर तबकडीच्या पाठीमागें येते. गाडीचीं चाकें ज्या वेगानें फिरतील त्याच प्रमाणांत ही तार फिरते. हें सूत्र पक्कें ध्यानांत ठेवा. पुढील सर्व गणित त्याच्यावरच उभें आहे.

तबकडीच्या मागें तारेच्या टोंकाशीं एक लोहचुंबक जोडलेला असून तो तारेबरोबर गरगर फिरतो. त्याच्याभोंवतीं ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. वाटी व चुंबक यांचा एकमेकांस स्पर्श होत नाहीं. शिवाय लोहचुंबक लोखंडाला ओढतो तसा ॲल्युमिनियमला ओढीत नाहीं. मग वाटी हलते कशी? या कोड्याचें उत्तर मोटारीच्या जन्मापूर्वींच मिळालें होतें. तांब्याची तबकडी फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्या मागोमाग वळते, असें फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यास इ. स. १८२४ च्या सुमारास आढळून आलें. आणि त्याचें कारण इ. स. १८३१ मध्यें मायकेल फॅरडे यानें उलगडून दाखविलें. चुंबक आणि धातु यांपैकीं एक दुसऱ्याजवळून हलूं लागला म्हणजे धातूमध्यें पाण्यांतल्या भोंवऱ्यांसारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. ते प्रवाह स्वतःच चुंबकासारखे वागून त्या हालचालीस विरोध करितात, आणि म्हणून फिरणारा चुंबक वाटीला आपल्याबरोबर फरफटत नेऊं पाहतो. परंतु वाटीच्या आंसावर घड्याळांतल्यासारखी केसाइतकी बारीक कमान असते. ती वाटीला मागें खेंचून धरते. चुंबक दुप्पट वेगानें फिरला तर त्याची ओढही दुप्पट होते, व कमान दुप्पट वळते. वाटीच्या आंसावरच कांटा बसविलेला असल्यामुळें तोही दुप्पट सरकतो. या तत्त्वावर चालणाऱ्या वेगमापकाचें पेटंट स्ट्रासबर्ग येथील ऑटो शुल्झ यानें इ. स. १९०२ मध्यें घेतलें. पुढें सुमारें पाऊण शतकाहून अधिक काळ जगांतील बहुतेक मोटारींत हीच रचना राहिली.

त्याच तबकडींत एका खिडकींतून आंकड्यांचीं चक्रें दिसतात. गाडी एकंदर किती मैल चालली हें तीं सांगतात. त्यांना आपण अंतरमापक म्हणूं. अंतरमापकास चुंबकाची गरज नसते; तो तारेपासून थेट दांतेरी चाकांच्या योगानें फिरतो. अर्थात् एकाच तारेवर दोन निरनिराळे सेवक राबत आहेत. एक वेग सांगणारा व दुसरा अंतर मोजणारा. ही गोष्ट दोष शोधतांना फार उपयोगी पडते.

कल्पना करा कीं, एका गृहस्थाच्या मॉरिस मायनरचा कांटा एके दिवशीं हलेनासा झाला. पुष्कळ लोक अशा वेळीं 'मीटर गेला' असें म्हणून तत्काळ नवा शोधूं लागतात. परंतु शहाण्या माणसानें आधीं साक्षीपुरावा पाहावा आणि मग निकाल द्यावा. कांटा आणि अंतरमापक दोन्ही एकदम बंद पडले असतील, तर दोघांचेही अवयव एकाच वेळीं मोडले असण्यापेक्षां त्यांची समाईक तारच तुटली असण्याचा संभव अधिक. अशा वेळीं यंत्र बदलणें म्हणजे संन्याशाला सुळीं देणें होय. अंतरमापक चालू आहे पण कांटा निजून आहे, असें असेल तर तार निर्दोष असून बिघाड चुंबक, वाटी अगर कमान यांच्यांत आहे. कांटा बरोबर चालतो पण आंकडे पुढें सरकत नाहींत, तर आंतील एखादें दांतेरी चाक झिजलें किंवा तुटलें आहे. कांटा सारखा थरथरत असेल तर तार कोरडी पडली आहे, किंवा तिला कोठें तरी आंखूड बांक बसला आहे. आणि गाडी जेमतेम चालत असतां कांटा भलतीच मोठी उडी घेत असेल, तर बहुधा तारेवरचें वंगण वर चढून चुंबक व वाटी यांच्यामध्यें शिरलें आहे. त्यांच्यामध्यें नुसती हवा असावयास पाहिजे, तेथें वंगणाचा चिकटपणा वाटीला ओढीत आहे.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. तबकडीच्या पाठीमागील आंटे असलेली टोपी हातानें सोडवून तार मोकळी करावी. गिअर सुटे ठेवून दुसऱ्या माणसाकडून गाडी हळूहळू ढकलवावी. तारेचें टोंक फिरूं लागलें तर तार व तिला फिरविणारें चाक ठीक आहेत. न फिरलें तर दोष खालीं आहे. पांच मिनिटांची ही परीक्षा कधीं कधीं सगळा खर्च वांचविते.

आतां आपल्या गृहस्थाची तार फिरते आहे. म्हणजे यंत्रच बदललें पाहिजे, असें ठरलें. त्यांनीं जुन्या सामानाच्या बाजारांत जाऊन दुसऱ्या मॉरिस मायनरचा एक वेगमापक पैदा केला. तबकडी तीच, अक्षरें तींच, कांटाही तसाच. बसविला, गाडी चालविली, आणि काय आश्चर्य! कांटा झोंकांत वर चढला. गृहस्थ संतुष्ट झाले. पण, मित्रहो, खरा धोका येथूनच सुरू होतो.

वर सांगितलेलें सूत्र आठवा. तबकडीला गाडीचा वेग ठाऊक नसतो. तिला फक्त तारेचे फेरे कळतात. एका मैलांत तारेचे अमुक फेरे होतात असें गृहीत धरूनच कारागिरानें तिच्यावर आंकडे मांडलेले असतात. स्मिथ्स या इंग्लिश कंपनीच्या वेगमापकांवर हा आंकडा तबकडीच्या तोंडावरच बारीक अक्षरांत छापलेला आढळतो. तिथें १००० असेल तर त्याचा अर्थ असा कीं, तारेचे एक हजार फेरे झाले म्हणजे हें यंत्र एक मैल झाला असें मानील. व मिनिटास एक हजार फेरे होत असतील तर मिनिटाला एक मैल, म्हणजे ताशीं साठ मैल, असें दाखवील. गाडीचा आंकडा आणि यंत्राचा आंकडा एकच असेल तरच कांटा खरें बोलेल.

एकाच जातीच्या दोन गाड्यांत हा आंकडा वेगळा कां असावा? त्याचें उत्तर मागच्या आंसांत आहे. मॉरिस मायनरला इ. स. १९६२ मध्यें अधिक मोठें इंजिन मिळालें. त्यापूर्वींच्या ९४८ घनसेंटिमीटर इंजिनाच्या गाड्यांत मागच्या आंसावरील दांतेरी चाकांना ९ व ४१ दांते असत. नव्या १०९८ घनसेंटिमीटर इंजिनाबरोबर ९ व ३८ दांते आले. म्हणजे गाडीचें चाक एकदां फिरावयास पूर्वीं लांब दांड्याला सुमारें ४.५६ फेरे घ्यावे लागत, ते आतां सुमारें ४.२२ वर आले. तार तर गिअरबॉक्सजवळच जोडलेली असते. तेव्हां एखाद्या मालकानें मोठ्या रस्त्यावर गाडी सुखानें पळावी म्हणून जुन्या गाडीस नवा आंस बसविला, तर त्याच अंतरांत तार पूर्वींपेक्षां कमी फिरेल, आणि मूळचा वेगमापक कांहींही बिघडलेला नसतां खोटें सांगूं लागेल. चाकांचीं रबरी टायरें लहान-मोठीं झालीं तरी तोच प्रकार होतो.

म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वीं आपल्या गाडीचा आंकडा स्वतः काढावा. ही रीत शाळेंतल्या मुलांनाही करतां येण्यासारखी आहे. सुमारें चाळीस फूट लांबीची सपाट जागा पाहा. टायरांत नेहमीइतकी हवा भरा. मागच्या चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर इंचांत मोजा. ही चाकाची प्रत्यक्ष चालती त्रिज्या. गाडीच्या भारानें टायर थोडें दबलेलें असतें, म्हणून ती गाडी उभी असतांनाच मोजावयाची. नंतर तारेच्या वरच्या टोंकास पुठ्ठ्याचा एक लहान बाण खोंवा, चाकावर व जमिनीवर खडूनें खूण करा, आणि गिअर सुटे ठेवून मागचें चाक बरोबर सहा वेळां फिरेपर्यंत गाडी सरळ ढकला. तेवढ्यांत बाणाचे किती फेरे झाले, तें अपूर्णांकासह मोजा.

एका मैलाचे ६३,३६० इंच होतात. चाकाच्या सहा फेऱ्यांत गाडी त्रिज्येच्या सुमारें ३७.७ पट पुढें जाते. कारण परिघ म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले ३.१४१६, आणि त्याची सहापट ३७.७ येते. ६३,३६० ला ३७.७ नें भागिलें असतां जवळ जवळ १६८० येतात. म्हणून नियम असा: बाणाच्या फेऱ्यांना १६८० नें गुणावें व त्रिज्येच्या इंचांनीं भागावें, येणारा भागाकार म्हणजे एका मैलांतील तारेचे फेरे.

समजा, आपल्या गृहस्थांच्या गाडीची त्रिज्या ११.४ इंच भरली व बाणाचे साडेनऊ फेरे झाले. ९.५ गुणिले १६८० म्हणजे १५,९६०, त्यास ११.४ नें भागिलें असतां बरोबर १४०० येतात. पण बाजारांतून आणलेल्या यंत्राच्या तबकडीवर, समजा, १५१० आहे. आतां हें यंत्र १५१० फेरे झाल्याशिवाय मैल झाला असें मानणार नाहीं; गाडी मात्र १४०० फेऱ्यांतच मैल ओलांडून जाते. परिणाम असा कीं, कांटा जेव्हां ताशीं ५० मैल दाखवितो, तेव्हां गाडी वस्तुतः ताशीं ५४ मैल धांवत असते.

'चार मैलांचाच तर फरक!' असें कोणी म्हणेल. त्यांनीं पुढील हिशेब पाहावा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार किती अंतरांत थांबते, याचें कोष्टक ब्रिटनच्या 'हायवे कोड' या पुस्तिकेंत दिलेलें असतें. त्यांतील नियम असा आहे: धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ताशीं जितके मैल वेग तितके फूट गाडी पुढें जाते, आणि ब्रेक लागल्यावर वेगाच्या वर्गाला वीसनें भागून येतील तितके फूट आणखी जाते. ५० मैलांच्या वेगास ५० अधिक १२५, म्हणजे १७५ फूट. ५४ मैलांच्या वेगास ५४ अधिक सुमारें १४६, म्हणजे २०० फूट. फरक पंचवीस फुटांचा आला. आपल्या एखाद्या वर्गखोलीची लांबी साधारण एवढी असेल. ज्या चालकाला वाटतें कीं मी रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या अलीकडे थांबेन, त्याची गाडी वर्गखोलीइतकी पलीकडे जाऊन थांबणार. आणि मॉरिस मायनरसारख्या गाडीस चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असल्यामुळें प्रत्यक्षांत अंतर याहूनही अधिक लागूं शकेल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कांटा बंद होता तेव्हां आपण आंधळे आहों हें त्या गृहस्थांना ठाऊक होतें. म्हणून ते जपून, इतर गाड्यांकडे पाहून, हळू चालवीत होते. आतां कांटा बोलूं लागला आणि त्यांची सावधगिरी गेली. मुक्या कांट्यापासून माणूस सावध राहतो. खोट्या कांट्यावर तो विश्वास ठेवतो. कायदा करणारांनींही हा भेद ओळखला आहे. ब्रिटनमध्यें दिनांक १ ऑक्टोबर १९३७ पासून प्रथम रस्त्यावर आलेल्या साधारण मोटारींना वेगमापक असणें आवश्यक आहे. आणि नव्या गाड्यांकरितां संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या नियमानें असें ठरवून दिलें आहे कीं, कांट्यानें खऱ्या वेगापेक्षां थोडा अधिक वेग दाखविला तर एका मर्यादेपर्यंत चालेल, पण खऱ्यापेक्षां कमी कधींही दाखवितां कामा नये.

आपल्या देशांतील वाचकांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. इ. स. १९५६ च्या कायद्यानें येथें दशमान मापें आलीं व रस्त्यावरचे दगड कालांतरानें किलोमीटरचे झाले. त्यापूर्वींच्या मोटारींच्या तबकड्या मैलांच्या असतात. एक मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर. रस्त्याच्या कडेला ५० ची मर्यादा लिहिलेली पाहून जो मैलांच्या तबकडीवर ५० पर्यंत कांटा नेईल, तो प्रत्यक्षांत ताशीं ८० किलोमीटर वेगानें जात असेल. शिवाय किलोमीटरच्या तबकडीवर छापलेले फेरे किलोमीटरास असूं शकतात. आपल्या गाडीचे १४०० फेरे मैलास असतील तर ते किलोमीटरास ८७० होतात, हें ताडून पाहावें.

योग्य आंकड्याचें यंत्र मिळालें म्हणजे तें बसविणें फारसें कठीण नाहीं. प्रथम बॅटरीची एक तार सोडवून ठेवावी. कारण तबकडीच्या मागें लहान दिव्यांच्या तारा असतात, व पान्याचा चुकून स्पर्श झाला तर ठिणगी उडते. मग मागची टोपी सोडवून तार, दिवे व धरून ठेवणारे स्क्रू काढावे आणि यंत्र अलगद बाहेर घ्यावें. कोणता दिवा कोठें होता याची वहींत खूण करावी. 'माझ्या लक्षांत राहील' यावर विसंबूं नये. जुन्या तबकडीचे अंधारांत चमकणारे आंकडे खरवडण्याचा मोह मुलांनीं कटाक्षानें टाळावा, कारण पूर्वींच्या कांहीं चमकत्या रंगांत रेडियम असे. त्याची धूळ पोटांत अगर फुप्फुसांत जाणें अपायकारक आहे.

जुनी तार या वेळींच पाहून घ्यावी. ती नळींतून बाहेर ओढावी, पुसावी, व कोठें तुटकी किंवा वांकडी आहे काय हें सपाट टेबलावर लोळवून पाहावें. वांकडी असेल तर ती एकसारखी लोळणार नाहीं, उड्या घेईल. चांगली असेल तर तिला वंगणाचा पातळ हात द्यावा. मात्र वरच्या टोंकाकडील सुमारें आठ इंच भाग पुसून कोरडा ठेवावा. वंगण वर चढलें म्हणजे काय होतें तें वर सांगितलेंच आहे. नव्या यंत्राचा घात बहुधा अशा उदार हातानेंच होतो. तार परत घातल्यावर तिचें टोंक नळीबाहेर सुमारें तीन अष्टमांश इंच राहिलें पाहिजे. नळीला कोठेंही सहा इंचांहून कमी त्रिज्येचा बांक देऊं नये, आणि यंत्राजवळचे दोन इंच तरी ती सरळ असावी. टोपी बोटांनींच घट्ट करावी; पक्कडीचा जोर लावूं नये.

इतकें झाल्यावरही काम संपलें असें समजूं नये. कांटा हलला म्हणजे यंत्र बसलें, एवढेंच सिद्ध होतें. तें खरें बोलतें हें सिद्ध व्हावयाचें राहतें. रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर वेगाची मर्यादा पाळून एका माणसानें गाडी एकसारख्या वेगानें चालवावी व दुसऱ्यानें हातांत घड्याळ घेऊन मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचे सेकंद मोजावे. ३६०० ला त्या सेकंदांनीं भागिलें म्हणजे ताशीं मैल निघतात. नव्वद सेकंद लागले तर वेग चाळीस मैलांचा. कांट्यानें चाळीसच दाखविलें पाहिजे. दगड किलोमीटरचे असतील तर याच रीतीनें ताशीं किलोमीटर निघतील. हल्लीं खिशांतल्या टेलिफोनवरही उपग्रहांच्या साहाय्यानें वेग कळतो, त्याचा उपयोग करण्यास हरकत नाहीं. मात्र तो टेलिफोन चालकाच्या हातांत नसावा, शेजाऱ्याच्या हातांत असावा.

शेवटीं अंतरमापकाचा प्रश्न उरतो. दुसऱ्या गाडींतून काढलेल्या यंत्रावर त्या गाडीचे मैल असतात. समजा, जुन्या यंत्रावर ८७,००० मैल होते आणि आणलेल्यावर ३१,००० आहेत. उद्यां ही गाडी विकावयाची झाली तर घेणारा कोणत्या आंकड्यावर विश्वास ठेवील? येथें वेगमापक आणि त्याचा मालक या दोघांच्याही खरेपणाची परीक्षा होते. उत्तम मार्ग असा कीं, कुशल कारागिराकडून नव्या यंत्राचे आंकडे जुन्या आंकड्यांवर आणवून घ्यावे. तें शक्य नसेल तर गाडीच्या वहींत तारीख घालून 'अमुक दिवशीं यंत्र बदललें. जुन्यावर इतके मैल होते, नव्यावर इतक्या मैलांपासून आरंभ केला' असें लिहून ठेवावें, व जुनें यंत्र टाकून न देतां जपून ठेवावें. घेणाऱ्यास फसविण्यासाठीं हे आंकडे मागें फिरविण्याचा प्रकार इतका बोकाळला होता कीं, अमेरिकेंत इ. स. १९७२ मध्यें त्याविरुद्ध देशव्यापी कायदा करावा लागला. परंतु वहींतल्या दोन ओळी लिहावयास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. त्यामुळें गाडीची किंमत थोडी कमी येईल. पण घेणारा ब्रेक, टायर व आंस यांची तपासणी ३१,००० मैलांच्या भरंवशावर पुढें ढकलणार नाहीं, हा लाभ लहान नव्हे.

पालकांनाही येथें एक विनंति करावीशी वाटते. घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे मुलांना दूर न सारतां जवळ बसवावें, आणि 'दोष कोठें आहे' हें त्यांनाच आधीं विचारावें. दोन गोष्टी एकदम बंद पडल्या तर दोहोंचें समाईक कारण शोधावें. यंत्र चालूं लागलें तरी तें बरोबर चालतें कीं नाहीं हें निराळ्या मापानें ताडून पाहावें. आणि जें बदललें तें लिहून ठेवावें. या तीन संवयी मुलांना मोटारीपुरत्याच उपयोगी पडतील असें नाहीं.

ज्यांच्या घरीं मोटार नाहीं अशा विद्यार्थ्यांनीं हा धडा सायकलीवर करून पाहावा. चाकाच्या आरीला रंगीत दोरा बांधा, चाकाचा व्यास मोजा, आणि एका किलोमीटरांत चाकाचे किती फेरे होतील तें काढा. बरोबर २८ इंच व्यासाचें चाक असेल तर उत्तर सुमारें ४४८ येईल. मग पुढील प्रश्न सोडवा: २६ इंची चाकासाठीं बनविलेला वेगमापक २८ इंची चाकाच्या सायकलीस लावला, सायकल ताशीं १४ मैल वेगानें जात असतां कांटा किती दाखवील? उत्तर आलें म्हणजे तें वरील मोटारीच्या चुकीशीं ताडून पाहा. दोन्ही चुका जवळ जवळ सारख्याच आहेत, आणि दोन्हींचें कारणही एकच आहे, असें तुम्हांस आढळून येईल.